नाममुद्रेच्या शोधात: खान्देशातले पाच दिवस

नवं गाणं ‘पारंपरिक’ ठरायला खान्देशात फार वर्षं लागत नाहीत. दोन लग्नसराया गेल्या, चार बँडवाल्यांनी वाजवलं, की करणाऱ्याचं नाव गळून पडतं. रचना करणारा त्याच तालुक्यात हयात असतो, नवी गाणी बांधत असतो, आणि त्याच्या चालीखाली मात्र ‘पारंपरिक’ असं छापलेलं असतं. हा दौरा त्यासाठीच आखला. जळगावच्या महोत्सवात नव्या बंदिशी ऐकायच्या, मग तापीच्या अंगाने पश्चिमेला सरकत अमळनेर, धुळे, थाळनेर आणि नंदुरबार गाठायचं. प्रत्येक नव्या रचनेच्या चार गोष्टी जागच्या जागी टिपायच्या: कर्ता, चाल, ताल आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या स्वरावर आहे ते.

असा दौरा करायचा तर जानेवारीचा पहिला आठवडा धरावा. तेव्हा बहुधा पौष असतो आणि पौषात लग्नं नसतात. त्यामुळे बँडवाले, कीबोर्डवाले, ऑक्टोपॅडवाले सगळे मोकळे असतात आणि नव्या हंगामाची गाणी याच दिवसांत ध्वनिमुद्रित होतात. तेच वैशाखात गेलात तर कोणी फोनसुद्धा उचलत नाही.

पहिला दिवस, शुक्रवार: जळगाव

जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव दर जानेवारीत तीन दिवस भरतो. वसंतराव चांदोरकर यांच्या स्मृतीसाठी स्थापन झालेलं प्रतिष्ठान तो भरवतं. बालगंधर्वांचं नाव इथे उगाच दिलेलं नाही. नारायण राजहंस लहानपणी जळगावात राहिले आणि मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले.

संध्याकाळी थंडी चांगलीच बोचरी होती. कार्यक्रमाआधी अर्धा तास तंबोरे जुळवणं चाललं होतं, आणि जानेवारीतल्या मैफलीची एक जुनी अडचण तिथे पुन्हा दिसली. थंडीत तार आकसते आणि स्वर चढतो. सभागृह माणसांनी भरलं, हवा उबदार झाली, की तीच तार सैलावते आणि तंबोरा उतरतो. तबल्याच्या पुडीचं, म्हणजे वरच्या चामड्याचं, नेमकं उलट असतं. बाहेरच्या दवात ती ओल धरून उतरलेली असते आणि आतल्या उबेत, दिव्यांखाली सुकून चढू लागते. म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत तंबोरा खाली आणि तबला वर. वाद्यं तासभर आधी सभागृहात आणून उघडी ठेवणं हाच त्यावरचा उपाय. त्या संध्याकाळी तसं केलेलं होतं, म्हणून मध्ये हातोडी फारशी वाजली नाही.

पहिल्या सत्रात एका तरुण गायिकेने मधुकंस राग मांडला. विलंबित म्हणजे संथ लयीतली एकतालातली बंदिश जुनी, द्रुत म्हणजे जलद तीनतालातली तिची स्वतःची रचना. निवेदनात फक्त ‘द्रुत बंदिश’ एवढंच सांगितलं गेलं. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत मात्र तिची मुद्रा, म्हणजे शब्दांत गुंफलेलं कर्त्याचं नाव, होती, आणि ज्यांचं लक्ष होतं त्यांनाच ती ऐकू आली.

ही मुद्रेची रीत फार जुनी. नियामत खाँनी अठराव्या शतकात ‘सदारंग’ हे नाव ख्यालात गुंफलं. फैयाझ खाँ ‘प्रेमपिया’ झाले, श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजान’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’, रामाश्रय झा ‘रामरंग’. संतांचं ‘तुका म्हणे’ आणि शाहिरांचा शेवटचा चौक हीसुद्धा त्याच कुळातली मंडळी. रचनाकाराने स्वतःची सही रचनेच्या आतच, काढता येणार नाही अशा जागी, ठेवायची.

सत्र संपल्यावर रंगपटात तिने बंदिशीची घडण समजावून सांगितली. मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी नसलेल्या ‘खाली’पासून उठतो आणि आठ मात्रांत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. पहिल्या खर्ड्यात सम पंचमावर होती. पंचमावर थांबून तीव्र मध्यम आणि कोमल गंधारावरून खाली आलं, की ऐकणाऱ्याचं मन थेट मधुवंतीकडे जातं. तो कोमल गंधार आणि तो तीव्र मध्यम दोन्ही रागांत आहेत. फरक करतो तो निषाद. मधुवंतीचा शुद्ध, मधुकंसाचा कोमल. म्हणून तिने शब्द तेच ठेवले, मुखडा वर नेला आणि सम कोमल निषादावर आणली. आता समेलाच राग कोणता ते कळतं. एवढ्या बदलाला तिला चार महिने लागले. नव्या बंदिशींवर लिहिणाऱ्यांनी नेमकं हे लिहून ठेवायला हवं. राग नि ताल काय, कार्यक्रमपत्रिकेतही असतात.

मैफलीत बसून बंदिश टिपायची असेल तर प्रेक्षागृहाच्या डाव्या हाताला बसावं. तबलजी बहुतेक गायकाच्या उजव्या बाजूला असतो, म्हणजे आपल्या डावीकडे, आणि त्याचे हात दिसले की सम चुकत नाही. आधी नुसते शब्द लिहावेत. मग समेचं अक्षर शोधून त्याखाली फुली मारावी. त्यानंतर खालीचं अक्षर शोधून शून्य. ही दोन अक्षरं पक्की झाली की मधल्या मात्रा आपोआप जागेवर बसतात, आणि स्वर सर्वांत शेवटी येतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, ही भातखंडे पद्धत त्यासाठी पुरेशी आहे. नेहमी होणारी चूक म्हणजे गायकाने मुखडा घेताना केलेली एखादी हरकत मूळ बंदिश समजून लिहिणं. मुखडा निदान तीनदा ऐकावा. तिन्ही वेळा जे सारखं आलं ती बंदिश, बाकीचं त्या संध्याकाळचं गाणं.

दुसरा दिवस, शनिवार: असोदे, पुन्हा जळगाव

सकाळी असोद्याला. जळगावपासून जवळच, रिक्षाने जाता येतं. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर, जन्म 1880 चा. त्यांची भाषा अहिराणी आहे असं बाहेरचे लोक सरसकट लिहितात. इथल्या माणसाला ते खटकतं. ती लेवा गणबोली. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली. अहिराणी खऱ्या अर्थाने ऐकू येते ती पश्चिमेला सरकल्यावर.

बहिणाबाई लिहीत नव्हत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव चौधरी आणि पितांबर चौधरी यांनी ती गाणी वेळोवेळी टिपून घेतली, आणि 1952 मध्ये, त्या गेल्यावर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्या वहीने शब्द वाचवले, कर्तीचं नाव वाचवलं. पण छापील पुस्तकात स्वरलेखन नाही. आज शाळाशाळांत जी चाल ऐकू येते ती नंतरच्या संगीतकारांनी दिलेली असते. जात्यावर बसलेल्या बाईची चाल वेगळी चालते. जात्याचा एक फेरा म्हणजे ओवीचं एक चरण, दाणे टाकताना हात थांबतो तिथे श्वास. गावातल्या एका आजींना त्यासाठी बंद पडलेल्या जात्याचा खुंटा धरायला सांगितलं. नुसतं बसून म्हणताना ओवी सपाट येत होती. खुंटा हाती आला आणि तिसऱ्या फेऱ्याला आवाज दुसरीकडून यायला लागला. अशा गाण्यांचं ध्वनिमुद्रण करताना काम आणि गाणं वेगळं करू नये. जात्याची घरघर नको म्हणून जातं बाजूला काढणारे बरेच असतात. मग ताल का लागत नाही म्हणून तेच डोकं धरतात. माइक जात्यापासून हातभर लांब, तोंडाच्या रेषेत ठेवला की दोन्ही नीट येतं.

दुपारी शेतात भरीत. हिरवट पांढरी, मोठी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धुराचा वास येत नाही. लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण आधी ठेचायचा, मग वांगी घालून ठेचायचं, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी. वांग्याचं पाणी निथळून घेतलं नाही तर भरीत पचपचीत होतं, असं सांगत वाढणाऱ्या काकूंनी चाळणीच पुढे धरली. खाऊन लगेच गायला बसू नये, हा सल्ला त्यांनी न मागता दिला आणि तो खरा आहे.

संध्याकाळचं सत्र नाट्यपदांचं होतं. पदं चांगली झाली, पण सगळी जुनी. नाट्यसंगीत म्हटलं की 1911 ते 1967 एवढाच काळ गावा, असा अलिखित नियम पडल्यासारखा झाला आहे. गेल्या काही वर्षांत ‘संगीत देवबाभळी’सारख्या नाटकासाठी आनंद ओक यांनी नव्याने संगीत केलं आणि ते गावोगावी पोचलं. महोत्सवांनी अशा पदांना अर्धा तास दिला पाहिजे.

तिसरा दिवस, रविवार: अमळनेर

सुरत लाइनची गाडी, धरणगावमार्गे. अमळनेरच्या बाहेर एका गावात बायकांचा गट जमला होता. कानबाई या खान्देशच्या देवीची गाणी ऐकायची मनात होती, पण त्यांनी सरळ नकार दिला. कानबाई श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रात्रभर जागरण आणि सोमवारी विसर्जन. ते गाणं तेव्हाच म्हणायचं, अवेळी नाही. इथे आग्रह करू नये. पैसे देऊन म्हणवून घेतलेलं गाणं मिळतं, पण त्यात पुढच्या श्रावणाचं दार बंद होतं.

त्यांनी हळदीची गाणी म्हटली, मग गुलाबाई या देवीची. त्यात एक गाणं अगदी ताजं होतं: बचत गटाचं कर्ज, बँकेच्या फेऱ्या आणि अंगठ्याचा ठसा न घेणारं मशीन. करणारी बाई पन्नाशीची. चालीविषयी विचारलं तर म्हणाली, “चाल जुनीच शे जिभाऊ, सबद मातर नवा शेतस.”

तिने वही दाखवली. शाळेची शंभर पानी वही, कडा हळदीने पिवळ्या. प्रत्येक गाण्याखाली ते पहिल्यांदा कधी म्हटलं त्याची तारीख. आणि शब्दांच्या डोक्यावर पेनाने काढलेल्या छोट्या तिरक्या रेघा. आवाज चढतो तिथे वर जाणारी, उतरतो तिथे खाली येणारी, लांबवायचं तिथे आडवी. तिला कोणी शिकवलेलं नाही. नव्या मुलींना दरवर्षी चाल पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा आला म्हणून तिने ही खूण काढली. पेटीवर वाजवून पाहिलं. नऊपैकी सात ओळींत रेघा आणि स्वर तंतोतंत जुळले. उरलेल्या दोन ओळींत रेघ वर होती पण आवाज तिथेच राहिला, कारण त्या शब्दावर तिचा श्वास संपतो. तिने ते ऐकलं आणि दोन्ही रेघा तिथल्या तिथे खोडून आडव्या केल्या.

वहीत तारीख आहे, चाल आहे, नाव मात्र कुठेच नाही. का, तर, “देवीना गानाले मन्हं नाव कसाले?” या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही आणि तिच्या भावनेचा मान ठेवलाच पाहिजे. ठरलं ते असं: गाण्यात नाव घालायचं नाही, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. तिच्या नातीने ते लिहिलं.

ध्वनिमुद्रणाचे दोन-तीन नेम. फाइल वेव्ह स्वरूपात, 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झ. पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावी, कारण घोळक्यात एखादी आजी अचानक वरची पट्टी गाठते आणि आवाज फाटतो. सुरुवातीला आपल्याच तोंडाने दिनांक, गाव आणि चाल कोणाची ते बोलून घ्यावं. कागद हरवतो, ध्वनिमुद्रणातलं बोलणं हरवत नाही. पट्टी पेटीवर तपासावी. बायकांचे गट बहुधा काळी चार, काळी पाचच्या आसपास असतात, पण रात्र चढते तशी पट्टी सरकते. म्हणून सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही लिहाव्यात.

चौथा दिवस, सोमवार: धुळे

एसटीने धुळे. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून जमवलेली बाडं आहेत. समर्थांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकि रामायण इथेच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळही याच शहरात. हस्तलिखितं पाहायची तर आधी पत्र पाठवून वेळ घ्यावी, शिसपेन न्यावी, पेन बाहेर ठेवावं, फ्लॅश वापरू नये.

नव्या गाण्यांच्या शोधात जुन्या बाडांचं काय काम, असं वाटेल. पण पदांच्या जुन्या बाडांत डोक्यावर राग किंवा चाल लिहायची रीत होती. समर्थांनी डफगाणीही लिहिली. पुढे 1880 च्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचा उल्लेख येऊ लागला. उसनी चाल घेणं कमीपणाचं नव्हतं. ती कुठून घेतली ते सांगितलं जायचं, एवढंच.

संध्याकाळी एका घरातला स्टुडिओ. दहा बाय बाराची खोली, भिंतींना गाद्या, खिडकीला दुहेरी गोधडी. अहिराणी गाणं इथे असं तयार होतं: आधी ठेका, आठ मात्रांचा केहरवा, मिनिटाला 120 च्या पुढे. वेग एकदा ठरला की गाणं संपेपर्यंत जराही हलवत नाहीत, कारण डीजेवाल्याला एकातून दुसरं गाणं जोडायचं असतं. त्यावर कीबोर्डने धून, मग गायक, आणि ऑक्टोपॅड सगळ्यांत शेवटी. गायक ठेक्याच्या किंचित मागे राहतो. तिथल्या तंत्रज्ञाने तो आवाज ओढून ठेक्यावर नेऊन ठेवला आणि अहिराणीचा हेल गेला. ‘शे’वरची, म्हणजे ‘आहे’वरची, ओढ कापली गेली होती. परत मागे नेल्यावर गाणं सजीव झालं. संगणकाने मात्रेला चिकटवलेला आवाज आणि बोलीचा हेल यांचं जमत नाही. क्रियापदाचं शेवटचं अक्षर तरी मोकळं सोडावं.

गाणं सुरू होण्याआधी स्टुडिओचं आणि निर्मात्याचं नाव घुमवून सांगितलं जातं. अंतऱ्यातली मुद्रा आता इथे, सुरुवातीला आली आहे, फक्त ती पैसे घालणाऱ्याची आहे. चाल बांधणारा तिथेच कोपऱ्यात चहा घेत बसला होता आणि त्याचं नाव कुठेच नव्हतं.

त्याला सांगितलं ते इथेही लिहितो. आपल्या कायद्यात संगीतकाराचा हक्क स्वरलेखनावर अवलंबून नाही. लिहून ठेवलं नसलं तरी चाल बांधणाराच कर्ता. हक्क हयातभर आणि त्यापुढे 60 वर्षं. 2012 च्या दुरुस्तीनंतर गाणं निर्मात्याला दिलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राहतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करायची तर संगीतरचनेला 500 रुपये शुल्क, ध्वनिमुद्रणाला 2000. अर्ज ऑनलाइन भरता येतो, हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. वाद झाला तर पुरावा लागतो, आणि तारखेची वही किंवा स्वतःलाच मेलने पाठवलेलं मोबाइलवरचं कच्चं ध्वनिमुद्रण तिथे कामी येतं. लोक इथेच मार खातात. चाल गुणगुणून दाखवली, समोरच्याने मुद्रित केली, आणि आपल्याकडे काहीच उरलं नाही.

जेवण शेवभाजीचं. झणझणीत म्हणजे काय ते इथे कळतं. शेव वाढतानाच घालायची, आधी घातली की लगदा.

पाचवा दिवस, मंगळवार: थाळनेर, नंदुरबार

थाळनेर हे तापीकाठचं जुनं गाव, एकेकाळी खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. लता मंगेशकरांचं हे आजोळ. पावागडचे गरबे त्या आजीकडून शिकल्या. आणि मुद्रेचाच विषय निघाला आहे तर, लताबाईंनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’ (1965) या चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तो याच नावाला. स्वतःचं नाव झाकायचं असेल तरीही कर्त्याला एक नाव द्यावं लागतं, ते त्यांनी दिलं. नदीवर धुकं होतं, किल्ल्याचा पडका तट आणि खाली संथ पाणी. अर्धा तास थांबून शिरपूर, शहादा, प्रकाशा करत नंदुरबार.

नंदुरबारला शिरताना वाटेत मिरचीच्या पथाऱ्या लागतात. जानेवारीत मैलभर लाल जमीन. बघायला डोळे निवतात, पण गाणाऱ्यांनी आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी खबरदारी घ्यावी. वारा पथारीकडून आला की घशात ठसका बसतो आणि तो दोन तास जात नाही. ध्वनिमुद्रणाची जागा वाऱ्याच्या उलट बाजूला ठरवावी, गळ्याभोवती ओला रुमाल ठेवावा.

इथलं नवं संगीत म्हणजे टिमली. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मोठे भोंगे आणि रात्रभर गोलात नाच. शहरातले अभ्यासक तिला डीजेचा गोंगाट म्हणून सोडून देतात आणि तिथेच मोठी चूक करतात. एका कीबोर्डवाल्याने त्याचा पावरीचा आवाज ऐकवला. पावरी म्हणजे बांबू आणि भोपळा जोडून केलेलं फुंकवाद्य. तिचा गंधार पेटीच्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे पडतो. साध्या कीबोर्डवर तो मिळत नाही, म्हणून वाजवणारे जवळचा स्वर घेतात आणि सगळं हिंदी गाण्यासारखं होतं. या मुलाने आपल्या काकांची पावरी मोबाइलवर मुद्रित केली, एकेक स्वर कापला आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवला. गंधाराची पट्टी त्याने वेगळी उतरवून ठेवली आहे आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे, अंधारात बोट चुकू नये म्हणून. आधी तो पूर्ण फुंकर मुद्रित करायचा, तेव्हा झटपट वाजवताना सुरुवातीची ‘फू’ प्रत्येक स्वराला यायची. आता ती फक्त पहिल्या स्वराला ठेवली, बाकीच्यांची कापली. काकांना ऐकवल्यावर त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: शेवटचा स्वर एकदम तोडू नको, माणसाचा दम हळूहळू संपतो. त्याने शेवटाला उतार दिला.

हा आवाज आता आसपासच्या बऱ्याच टोळ्या वापरतात, पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर जातो, आणि फाइलचं नाव असतं ‘पावरी न्यू’. निघण्याआधी त्याने ते बदललं. नव्या नावात काकांचं नाव, गाव आणि वर्ष आहे. मग निळ्या स्केचपेनने तेच पेनड्राइव्हवर लिहिलं आणि शाई सुकेपर्यंत फुंकर घालत बसला. मुद्रित केलेल्या सगळ्याची एक प्रत त्याच्याकडे ठेवली. प्रत मागे ठेवल्याशिवाय गाव सोडू नये. सुरतकडून येणारी गाडी पाऊण तास उशिरा आली.